मेंदूची सूज तिसऱ्या दिवशी का वाढते, आणि एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला का चालत नाही

खानापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांचे दाजी हायवेवर मोटरसायकलवरून पडले. बेळगावात आणलं तेव्हा शुद्धीवर होते, बोलत होते. स्कॅनिंगमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात थोडा मार दिसला. तिसऱ्या दिवशी गुंगी वाढली आणि आता डॉक्टर 'सूज आल्या म्हणूलेत'. त्यांचे मुख्य प्रश्न तीन आहेत. सूज यायचीच होती तर पहिल्या दिवशी का आली नाही? मेंदूत पाणी साठलंय तर सलाईन चालूच का, पाणी उतरायची गोळी का देत नाहीत? आणि शेजारच्या काकूंना मेंदूतल्या गाठीसाठी ज्या स्टिरॉइडनं दोन दिवसांत उठवून बसवलं, ते दाजींना द्यायला डॉक्टर का नको म्हणतात?

दाजींचं स्कॅन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यापुरतं त्यांच्या डॉक्टरांचंच ऐका. पण हे प्रश्न अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेला जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि तिन्हींचं उत्तर पेशींपर्यंत गेल्याशिवाय नीट देता येत नाही. कुठल्या पेशीचं काय बिघडलं यावर सूज कोणत्या जातीची हे ठरतं, आणि औषध त्या जातीवर ठरतं. स्कॅनमध्ये सगळ्या सुजा काळपटच दिसतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं.

आधी जागेचा हिशोब. पाय मुरगळला की घोटा फुगतो, कातडी ताणते, आठ दिवसांत उतरतो. कवटी ताणत नाही. मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम मेंदू, १५० मिलिलिटरच्या आसपास मेंदूजल आणि जवळपास तितकंच रक्त असतं. या तिघांची बेरीज बदलू शकत नाही, एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हे तत्त्व स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलं आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये त्याला दुजोरा दिला. आजही आमचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो. सूज येऊ लागली की सुरुवातीला मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर पडतं, आणि दाब फारसा वाढत नाही. माणूस बोलतो, चहा मागतो. ही सवलत संपली की मात्र थोड्याशा वाढीनंही दाब झपाट्यानं चढतो. एरवी कवटीतला दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आत असतो. २२ च्या वर टिकून राहिला तर आम्ही हालचाल करतो. मेंदूला रक्त किती जोरानं पोचणार, हे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून कळतं. हा आकडा ६० ते ७० च्या दरम्यान राखायचा असतो. तो घसरला की पेशी उपाशी पडतात, उपाशी पेशी आणखी फुगतात आणि दाब आणखी वाढतो. या चक्रात माणसं दगावतात.

आता पेशी का फुगतात ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसावा घेतलेल्या शरीराचा सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा खातो. त्या ऊर्जेचा मोठा हिस्सा विचार करण्यात जात नाही, सोडियम बाहेर फेकण्यात जातो. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत कमी, आणि पेशीचं आवरण काही पूर्ण बंद नाही. सोडियम सारखा आत झिरपत असतो. आवरणातला एक पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे विहीर खोदताना झऱ्याचं पाणी उपसायला मोटर चालूच ठेवावी लागते. लाइट गेली की कुणी पाणी ओतलेलं नसतानाही खड्डा भरतो. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशीत हेच घडतं. काही मिनिटांत एटीपी संपतो, पंप थांबतो, सोडियम आत साठतो, त्याच्यामागून क्लोराइड येतो आणि दोघांच्या मागे पाणी येतं. याला पेशीजन्य सूज म्हणतात.

यात सगळ्यात जास्त फुगते ती चेतापेशी नव्हे. तिच्या शेजारी असणारी ॲस्ट्रोसाइट नावाची तारेसारखी पेशी फुगते. या पेशीचे पाय मेंदूतल्या केशवाहिन्यांना चहूबाजूंनी वेढून बसलेले असतात, आणि त्या पायांत पाण्यासाठीची खास छिद्रं दाटीनं असतात. त्यांचं नाव ॲक्वापोरिन-४. पेशीच्या आवरणात पाण्याचा स्वतंत्र मार्ग असतो, हे शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲस्ट्रोसाइटवर आणखी एक बोजा असतो. चेतापेशींनी सोडलेलं ग्लुटामेट आणि जादा पोटॅशियम आवरायचं काम तिचंच. मार लागला की ग्लुटामेट भरमसाट सांडतं. ॲस्ट्रोसाइट ते आत ओढते, पण ग्लुटामेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमही आत येतो. म्हणजे साफसफाई करता करता तीच फुगते. उरलेलं ग्लुटामेट चेतापेशींची छिद्रं उघडत राहतं, त्यातून सोडियम आणि कॅल्शियम घुसतात, आणि त्या पेशींचाही शेवट जवळ येतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे, जी डॉक्टरकी शिकणारी मुलंसुद्धा बऱ्याचदा ओलांडून जातात. पेशी फुगली म्हणून मेंदू लगेच मोठा होत नाही. पेशींच्या मधल्या फटींतलं पाणीच पेशींत गेलेलं असतं. एका खिशातलं दुसऱ्या खिशात. निरोगी मेंदूत या फटी सुमारे २० टक्के जागा व्यापतात, रक्त तुटल्यावर पाच टक्क्यांवर येतात. एमआरआयच्या डिफ्युजन तपासणीत लकवा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून झालेली इजा, लगेच दिसतो तो याचमुळे, कारण पाण्याच्या रेणूंना हिंडायला जागा उरत नाही. पण त्या घडीला कवटीतला दाब साधारण होता तेवढाच असतो.

मेंदू खरोखर मोठा व्हायला रक्तातून नवीन पाणी यावं लागतं. फटींतला सोडियम पेशींनी ओढून घेतल्यामुळे तिथं सोडियमची तूट पडते, आणि शेजारच्या केशवाहिनीत मात्र तो भरपूर असतो. केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी तो आपल्या अंगातून पलीकडे जाऊ देतात, आणि पाणी त्याच्यामागे येतं. या टप्प्यावर अस्तर अजून फाटलेलं नसतं. प्रथिनं रक्तातच राहतात, क्षार आणि पाणी तेवढे सुटतात. पुढच्या टप्प्यात अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि प्रथिनांसकट द्रव बाहेर झिरपतो. त्याहून पुढे अस्तरच कोसळतं आणि रक्त येतं. मार लागलेल्या जागेभोवतीचा रक्तस्राव दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये मोठा दिसतो, तो बऱ्याचदा याच साखळीतला.

हे टप्पे मिनिटांपासून दिवसांपर्यंत पसरलेले आहेत. लकव्यात आणि डोक्याच्या मारात सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोचते आणि दुसऱ्या आठवड्यात ओसरू लागते. दाजी पहिल्या दिवशी बोलत होते, कारण तेव्हा जागेची सवलत शिल्लक होती. 'तेव्हा बोलत होते, मग दवाखान्यात आणून बिघडले' असा हिशोब घरात मांडला जातो, तो मी रोज ऐकतो. काही वेळा उशिरानं गाठ धरलेलं रक्त किंवा घसरलेला सोडियम हेही कारण असतं आणि ते शोधायलाच स्कॅन आणि रक्ततपासणी पुन्हा करतात. पण नुसत्या सुजेचं वेळापत्रकसुद्धा असंच असतं.

स्टिरॉइडचा प्रश्न याच धाग्यातला. १९६७ मध्ये अमेरिकेत काम करणारे, मूळचे पोलंडचे विकृतिशास्त्रज्ञ इगोर क्लाट्झो यांनी मेंदूच्या सुजेचे दोन गट पाडले. एक पेशीजन्य, जो वर सांगितला. दुसरा रक्तवाहिनीजन्य. मेंदूतल्या केशवाहिन्या इतर अवयवांसारख्या गळक्या नसतात. त्यांच्या अस्तराच्या पेशी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. यालाच ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. गाठ वाढताना तिला रक्त हवं असतं, म्हणून ती व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडते. त्यानं नव्या वाहिन्या फुटतात, पण त्यांची शिवण कच्ची असते आणि जुन्या वाहिन्यांचीही शिवण उसवते. द्रव झिरपतो आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात बोटांसारखा पसरतो. या शिवणीवर डेक्सामेथासोन उत्तम काम करतं. व्हीईजीएफ कमी होतं, सांधे पुन्हा आवळतात. १९६१ पासून गाठींच्या सुजेसाठी ते वापरात आहे आणि काकूंसारखे रुग्ण दोन दिवसांत बोलू लागतात, ते आम्ही नेहमी बघतो. आपल्या भागात झटक्यांचं एक मोठं कारण असलेला मेंदूतला फीतकृमीचा सिस्ट मरू लागला की त्याच्याभोवती अशीच सूज येते, तिथंही स्टिरॉइड लागतं. क्षयाच्या मेंदूज्वरात तर त्यानं मृत्यू कमी होतात.

डोक्याच्या मारात मात्र बिघाड मुख्यत्वे पंपाचा, आणि बंद पडलेला पंप डेक्सामेथासोननं चालू होत नाही. तरीही कित्येक दशकं जगभर ते दिलं जात होतं, कारण मारातही थोडी शिवण उसवतेच आणि 'दिलं तर बिघडतंय काय' असा समज होता. क्रॅश नावाच्या चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला. १०,००८ रुग्ण होते, त्यांतल्या निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेलं. दोन आठवड्यांत औषध दिलेल्यांपैकी २१.१ टक्के गेले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. स्टिरॉइड दिल्यानं जास्त माणसं मेली. त्यानंतर डोक्याच्या मारासाठी ते देणं चूक ठरलं. दाजींच्या डॉक्टरांनी नको म्हटलं ते बरोबरच आहे. उलट कुणी आग्रहानं देऊ लागला तर तुम्ही कारण विचारा.

आता सलाईन. पायाच्या सुजेवर चालणारी पाण्याची गोळी मूत्रपिंडावर काम करते. तिनं शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, रक्ताचं आकारमान घटतं, रक्तदाब पडतो आणि मघाशी सांगितलेला ६० ते ७० चा आकडा घसरतो. मेंदू कोरडा करायला जाऊन तो उपाशीच पडतो. म्हणून मेंदूतलं पाणी उतरवायची पद्धत वेगळी आहे: रक्तच घट्ट करायचं, म्हणजे पाणी आपोआप रक्ताकडे येईल. २० टक्के मॅनिटॉलची १०० मिलिलिटरची बाटली तुम्ही पाहिली असेल. तिच्यात २० ग्रॅम मॅनिटॉल असतं, आणि किलोमागे पाव ते एक ग्रॅम असा डोस ठरतो. किंवा तीन टक्के मिठाचं सलाईन देतात. गंमत अशी की हे औषध सुजलेल्या भागापेक्षा धडक्या भागातून जास्त पाणी ओढतं, कारण पाणी ओढायला शिवण शाबूत लागते. उसवलेल्या जागी मॅनिटॉल स्वतःच पलीकडे झिरपतं, म्हणून ते दिवसेंदिवस ठोक भावानं देत राहणं मला पटत नाही. दाब बघून, रक्ताची घनता मोजून द्यावं. मॅनिटॉलनं लघवी खूप होते, ती भरपाई करायलाच साधं सलाईन चालू असतं. त्यात लिटरमागे १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतो, रक्तातल्यापेक्षा किंचित जास्तच, त्यामुळे ते मेंदूत पाणी ढकलत नाही. ढकलतं ते पाच टक्के डेक्स्ट्रोज. त्यातली साखर पेशी खाऊन टाकतात, मागे निव्वळ पाणी उरतं, ते रक्तातला सोडियम पातळ करतं आणि मेंदूकडे जातं. 'ताकद यावी म्हणून ग्लुकोजची बाटली लावा' असं म्हणणारे पाहुणे भेटायला येतात. त्यांना बाहेर चहा पाजा. नाकातल्या नळीतून गुपचूप शहाळ्याचं पाणी किंवा पातळ आंबील घालणाऱ्यांनाही हेच लागू. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडा.

सोडियमवरून आठवलं, कारण मेंदूची सूज म्हणजे मारच असं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे एक ठरलेला रुग्ण येतो: साठीपुढची बाई, रक्तदाबासाठी थायझाइडची गोळी चालू, मीठ तोडलेलं, दोन दिवस उलट्या-जुलाब, आणि घरच्यांनी नुसतं पाणी पाजलेलं. गुंगी किंवा झटका येऊन आणतात, सोडियम ११२ निघतो. असायला हवा १३५ ते १४५. इथं पंप ठीक आहे, शिवण ठीक आहे, पण बाहेरचं रक्तच इतकं पातळ झालंय की पाणी पेशींत शिरणारच. हे घसरणं हळूहळू झालं असेल तर पेशी दोनेक दिवसांत आपल्यातले क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थ बाहेर टाकून फुगणं टाळतात. मग आम्ही घाईनं सोडियम वर नेला तर त्याच पेशी आकसतात आणि मेंदूच्या बुंध्यातलं मज्जातंतूंचं आवरण गळून पडतं. म्हणून चोवीस तासांत साधारण आठच्या वर चढवत नाहीत. झटके चालू असतील तर पहिले चार-पाच अंक लवकर चढवायचे, पण बाकीचं सावकाश. 'अजून सोडियम नॉर्मल का नाही' म्हणून रागावू नका.

दुसरं एक कारण शेतीच्या घरांत दिसतं, आणि त्यावर बोललं जात नाही. पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट. खाल्ल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस जवळजवळ ठणठणीत दिसतो, घरी सोडायचा आग्रह होतो, आणि मग यकृत बसतं. यकृत बसलं की रक्तात अमोनिया साठतो. मेंदूत अमोनिया बांधून त्याचं ग्लुटामाइन करणारं विकर असतं ते फक्त ॲस्ट्रोसाइटमध्ये. तिच्यात ग्लुटामाइन साठतं, त्याच्या ओढीनं पाणी येतं आणि ती फुगते. स्टिरॉइड इथंही उपयोगाचं नाही. अशा माणसाला 'बरा दिसतोय' म्हणून दवाखान्यातून हलवू नका.

पाण्याची छिद्रंच बंद करणारं औषध नाही का, असा प्रश्न हुशार वाचकाला पडेल. २००० मध्ये ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा लकव्यानंतर त्यांचा मेंदू कमी सुजला, आणि सगळ्यांना आशा वाटली. पुढे २००४ मध्ये दिसलं की रक्तवाहिनीजन्य सुजेत तेच उंदीर जास्त बिघडतात, कारण साठलेलं पाणी बाहेर काढायलाही हीच छिद्रं लागतात. एक आणखी चॅनेल आहे, इजा झाल्यावर पेशी जो नव्यानं तयार करतात आणि ज्यातून सोडियम घुसतो. तो ग्लिबेनक्लामाइडनं बंद होतो, म्हणजे मधुमेहाच्या जुन्या गोळीनं. मोठ्या लकव्यात शिरेतून ते देऊन पाहिलं. २०२४ मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या हिंडण्या-फिरण्यात सुधारणा दिसली नाही. मोबाइलवर हे अर्धवट वाचून कुणी साखरेची गोळी कुटून नळीतून देऊ नये. साखर खाली गेली की मेंदूचा उरलासुरला एटीपीही जाईल.

औषधांनी दाब आटोक्यात येत नसेल तर कवटीचा तुकडा काढतात. यानं पेशी बऱ्या होत नाहीत. फुगायला जागा मिळते, एवढंच. मोठ्या लकव्यात, साठीच्या आतल्या रुग्णांत, ४८ तासांच्या आत हे केलं तर जगणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ वर जातं, असं २००७ मध्ये तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्र हिशोबातून दिसलं. डोक्याच्या मारातही मृत्यू कमी होतात, पण २०१६ च्या चाचणीत वाचलेल्यांपैकी बरेच जण पूर्ण परावलंबी राहिले. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा: जीव वाचेल का, एवढंच नको, वाचले तर कसे राहतील तेही. हा निर्णय ताईंचा आहे, दहा पाहुण्यांचा नाही.

तुमच्या पत्रात शेवटी विचारलंय की कोल्हापूरला किंवा मिरजेला हलवावं काय. तिकडं ओळखीपाळखी असतात, कागद मराठीत मिळतात, हे सगळं मला कळतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सूज चढत असताना, अँब्युलन्समधला प्रवास धोक्याचा असतो. नळीत खोकला आला, मान वळली, श्वास थोडा कमी पडून कार्बन डायऑक्साइड साठला, की मेंदूतल्या वाहिन्या फुगतात आणि दाब काही मिनिटांत वर जातो. जिथं आहात तिथं न्यूरोसर्जन, चोवीस तास स्कॅन आणि व्हेंटिलेटर असेल तर पाचवा-सहावा दिवस उलटेपर्यंत हलवू नका. यांतली एखादी सोय नसेल तर मात्र आजच हलवा, सोबत डॉक्टर घेऊन.

उद्या सकाळी राउंडला डॉक्टर आले की चार गोष्टी विचारा: आजचा सोडियम किती, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हाक मारल्यावर किंवा चिमटा काढल्यावर काल करत होते तेवढी हालचाल आज आहे का, आणि पुढचं स्कॅन कधी. भेटायला आत सोडलं की उशाकडची बाजू ३० अंश वर आहे ना आणि मान सरळ आहे ना ते बघा. मान एका बाजूला कलली की गळ्यातली शीर दबते आणि डोक्यातलं रक्त उतरत नाही. ताप असेल तर नर्सला सांगा, तापानं पेशींची भूक वाढते. आणि 'दाजी, डोळे उघडा' म्हणून गदागदा हलवू नका. एकानं, हळू आवाजात, थोडा वेळ बोलावं आणि बाहेर यावं.